‘पिशवीच्या तोंडाला जखम’ म्हणजे काय?

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव असो की मराठवाड्यातील दुसरे गाव, अंगावर पांढरे जाण्याचा त्रास बायका वर्षानुवर्षे सोसतात. ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ असे कानावर पडले, की कॅन्सरच्या भीतीने काही जणी पिशवीच काढायला तयार होतात.

ही ‘जखम’ अनेकदा गर्भाशयमुखाची जुनी सूज असते. काही वेळा आतला नाजूक लाल थर नुसता बाहेर आलेला असतो; तो आजारच नव्हे. सुजेचे मुख्य कारण जंतुसंसर्ग. पिवळट, वास येणारा स्राव, संबंधानंतर रक्त जाणे ही लक्षणे. कधी काहीच जाणवत नाही.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग आढळले, पूर्वी तपासणी झाली होती अवघ्या ८ टक्के जणींची.

आतून तपासणीला काही मिनिटेच लागतात. संसर्ग औषधाने बरा होतो. तो संबंधातून आलेला असेल, तर नवऱ्यानेही औषध घ्यावे, नाहीतर त्रास परततो. कॅन्सरची शंका पॅप चाचणीसारख्या तपासणीने आधी दूर करावी. नुसत्या सुजेसाठी पिशवी काढावी लागत नाही.