उलट्या तिरप्या रेघेचा अर्थ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आम्हांला संस्कृत शिकविले. ‘फलम्’मधील म चा पाय मोडावयाचा राहिला की वही परत येई. त्या रेघेला स्वतःचा उच्चार नाही. आपल्या अक्षराचे वाचन बदलणे एवढेच तिचे काम. संगणकाच्या कळफलकावरही तशीच एक रेघ आहे, दिसावयासही पाय मोडल्यासारखीच: \. तिचे नाव बॅकस्लॅश. तिच्यामुळे माझी एकदा आपल्या शाळेतच फजिती झाली, म्हणून आजचा विषय हा.

अपूर्णांकात आपण काढतो ती तिरपी रेघ जुनी. ही उलटी मात्र संगणकाच्या लिपीत मुद्दाम आणलेली आहे. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांनी १९६१ साली ती सुचविली. अल्गोल या भाषेत ‘आणि’ व ‘किंवा’ यांसाठी टोपीसारखी आणि उलट्या टोपीसारखी अशी दोन चिन्हे होती. सरळ व उलटी रेघ शेजारी ठेवली की दोन्ही साधत: /\ आणि \/. पुढे १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आस्की संकेतावलीत तिला ९२ हा क्रमांक मिळाला. जपानच्या संकेतावलीने मात्र त्याच क्रमांकावर येनचे चिन्ह बसविले. त्यामुळे जपानी विंडोजवर फाइलच्या पत्त्यात जागोजाग येन दिसू लागले. परक्याला वाटावे, फाइल उघडावयास पैसे मोजावे लागतात की काय!

तिचे खरे कार्य निराळेच ठरले. सी या भाषेत एन हे अक्षर एरवी एनच असते. परंतु अवतरणचिन्हांतील मजकुरात त्याच्या आधी बॅकस्लॅश आला की त्याचा अर्थ होतो ‘नवी ओळ सुरू करा’. टीच्या आधी आला तर टॅबची मोकळी जागा. उलटपक्षी, ज्या चिन्हाला विशेष अर्थ असतो त्याचा तो अर्थ हीच रेघ काढूनही घेते. अवतरणचिन्ह मजकूर संपल्याची खूण असते; आधी बॅकस्लॅश असेल तर ते निव्वळ मजकुरातले एक चिन्ह उरते. पाय मोडणारी रेघ अक्षरानंतर येते आणि ही आधी येते, एवढाच काय तो फरक. मग खुद्द बॅकस्लॅशच लिहावयाचा असेल तर? तो दोनदा लिहावा लागतो.

घोटाळा वाढला तो डॉसमुळे. युनिक्समध्ये फाइलच्या पत्त्यात सरळ रेघ असते. डॉसमध्ये ती आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच गुंतलेली होती. म्हणून १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरची सोय आली तेव्हा पत्त्यांसाठी उलटी रेघ घेतली गेली. परिणामी ‘न्यू’ नावाच्या फोल्डरचा पत्ता कोणी सी-भाषेत जसाच्या तसा लिहिला, तर त्यातील एन नाहीसा होऊन तेथे नवी ओळ येते, आणि फोल्डर समोर असून सापडत नाही.

आता माझी फजिती. २००४ साली माजी विद्यार्थ्यांची यादी संगणकावर आणण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. घरी नावे भरली, छापून आणली, वाटली. कार्यक्रमानंतर माझा एक वर्गमित्र शांतपणे म्हणाला, “अरे, आमची नावे शाळेने गाळली काय?” मी यादी पाहिली. डिसोझा नाही, डिकोस्टा नाही, डिमेलो नाही. गोव्यातल्या मराठी शाळेच्या यादीतून नेमकी हीच नावे जावीत, याचा अर्थ लोक काय लावतील, या विचाराने मला घाम फुटला.

दोष त्या नावांच्या रोमन लेखनात असलेल्या अपॉस्ट्रॉफीत होता. अधिक खरे सांगायचे तर, तिची दखल न घेणाऱ्या माझ्यात होता. डी या अक्षरानंतरचे ते चिन्ह माहितीसाठ्याला मजकुराचा शेवट वाटे; उरलेले नाव त्याला निरर्थक आज्ञा वाटे आणि तो संपूर्ण नोंद नाकारी. मी त्या चिन्हाआधी बॅकस्लॅश घालण्याची व्यवस्था केली आणि सगळी नावे परत आली.

पुढे यादी शाळेच्या संगणकावर नेली. तेथील पीएचपी ही प्रणाली आलेल्या मजकुरात आपण होऊनच बॅकस्लॅश घालीत असे, हे मला ठाऊक नव्हते. दोघांनी घातले आणि वाचताना एकदाच काढले गेले. नावात एक रेघ उरली. कारकुनाने पत्ता दुरुस्त करून नोंद पुन्हा साठविली की एकाच्या तीन होत, त्यानंतर सात! ती आपोआप रेघा घालणारी सोय २०१२ साली पीएचपीतून काढून टाकण्यात आली.

याच फटीतून दुष्ट हेतूने आज्ञा घुसविणारेही असतात. म्हणून आता जाणकार रेघेवर विसंबत नाहीत. आज्ञा वेगळी आणि नाव वेगळे पाठवितात, म्हणजे नावातले चिन्ह आज्ञेत शिरतच नाही. आपल्या यादीचा कार्यक्रम मी तसाच पुन्हा लिहिला. सुधारलेली प्रत घेऊन त्या वर्गमित्राच्या घरी गेलो. त्याने चष्मा लावून आधी स्वतःचे नाव वाचले, मग भावाचे, आणि आत हाक मारून चहा ठेवावयास सांगितले.