जुनी गाडी पाहावी कशी?

एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग दोन

वार्षिकांकात कविता असतात, सहलीची वर्णने असतात, थोरामोठ्यांची चरित्रे असतात. त्यांत जुन्या मोटारगाडीवरचा लेख पाहून काही वाचकांना हसू येईल. परंतु गेल्या हिवाळ्यात आमच्या घराने धानाचे पैसे आणि दोन वर्षांची शिल्लक ज्या एका वस्तूवर लावली, ती वस्तू पारखण्याचे काम, ‘घरात इंग्रजी वाचता येते ती हीच’ एवढ्या पात्रतेवर, माझ्याकडे आले. ते करताना जे कळले ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटते, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या यावयाचाच आहे.

आमचे गाव मोहाडी तालुक्यात. घरी माणसे सात : आजी, मोठे बाबा, मोठी आई, बाबा, आई, मी आणि धाकटा भाऊ. आजीला दमा आहे. थंडी पडली की रात्री-बेरात्री तिला भंडाऱ्याला न्यावे लागते, आणि महिन्या-दीड महिन्याने नागपूरला तपासणी असतेच. मोटारसायकलवर ती बसू शकत नाही. गावात भाड्याची गाडी एकच. गाडीवाला भला माणूस, कधी नाही म्हणाला नाही. पण रात्री एक वाजता त्याचे दार ठोठावल्यापासून आत दिवा लागेपर्यंतचा जो वेळ असतो, तो बाबांनी सलग तीन हिवाळे मोजला होता. म्हणून गाडी घ्यावयाची ठरली. आणि नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी.

सात माणसे बसतील अशी स्वस्त गाडी म्हटली की आपल्याकडे मारुतीची व्हॅन आठवते. ही व्हॅन १९८४ मध्ये आली. १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले. इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे. २०१९ मध्ये ओम्नीचे उत्पादन बंद झाले. तिची थोरली वारसदार ईको ही २०१० मध्ये आली आणि अजून निघते. दोन्हींची ठेवण एकच : इंजिन पुढच्या आसनांच्या खाली, ओढ मागच्या चाकांना, बाजूला सरकते दरवाजे. त्यामुळे आत जागा भरपूर मिळते; पण पुढे नाक म्हणून काही उरत नाही. समोरून धडक बसली तर पहिले गुडघे चालकाचे. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने केलेल्या धडक-चाचणीत ईकोला शून्य तारे मिळाले होते. नव्या गाड्यांत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. तेव्हा त्याआधीच्या स्वस्त व्हॅनमध्ये ती असेल अशी आशा धरू नये. हे आम्हांला ठाऊक असूनही आम्ही व्हॅनच घेतली. मात्र घरात नियम केला : राष्ट्रीय महामार्गावर ट्रकांच्या रांगेत साठच्या वर काटा जावयाचा नाही, आणि पट्टा सर्वांनी लावावयाचा, आजीनेसुद्धा.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा एक निबंध सांगितला गेला. तो १९७० साली प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत केला होता. पुढे २००१ साली अ‍ॅकरलॉफना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. निबंधाचा विषय जुन्या मोटारींचा बाजार! समजा, बाजारात दहा व्हॅन आहेत. पाच चांगल्या, दोन लाखांच्या योग्यतेच्या. पाच खराब, लाखाच्या. कोणती कशी हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. घेणारा सरासरी काढून दीड लाख बोलतो. मग चांगल्या व्हॅनचा मालक म्हणतो, या भावात देण्यापेक्षा घरी ठेवलेली बरी. बाजारात खराब गाड्याच उरतात, आणि हे घेणाऱ्याच्या ध्यानात आले की भाव आणखी खाली येतो. तासाला मी हे उतरवून घेतले, परीक्षेत लिहिले, गुणही मिळाले. पण त्याचा अर्थ मला कळला तो ताईच्या सासरच्या अंगणात.

खेड्यात या अडचणीवर एक जुना उपाय आहे : अनोळख्याकडून घेऊच नये, नात्यातून घ्यावे. ताईच्या चुलत सासऱ्यांना त्यांची ईको विकावयाची होती. २०१३ ची, सात आसनांची, पांढरी, नवा रंग दिलेली. मागणी एक लाख नव्वद हजार. बाबांच्या मते पाहण्यासारखे काही नव्हतेच. मी बॅटरी घेतली तेव्हा ते म्हणाले, “इवायाच्या गाडीखाली बॅटरी घेऊन शिरतात का कोनी?” मला वाटते, नात्यातल्या खरेदीचे सारे दुखणे या एका वाक्यात आहे. विश्वास असतो म्हणून आपण पाहत नाही, आणि भीड असते म्हणून पाहू शकत नाही. विकणारा खोटे बोलत नसला तरी गाडीत दोष असू शकतो, कारण त्यालाही सगळे ठाऊक असतेच असे नाही.

आम्ही सोबत एक मिस्त्री नेला होता. त्याला पाचशे रुपये आमच्या खिशातून दिले होते. हे महत्त्वाचे, कारण विकणाऱ्याकडून दलाली घेणारा मिस्त्री विकणाऱ्याच्याच डोळ्यांनी पाहतो. मिस्त्री इंजिनाकडे वळला आणि मी, वाचले होते त्याप्रमाणे, मधल्या आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. पट्ट्याचा रोजच्या वापरात बाहेर येणारा भाग धुतलेला, स्वच्छ होता. पण शेवटच्या हातभर लांबीवर, जी कधीच बाहेर येत नाही, तिथे आडवा तपकिरी डाग होता आणि बोटाला बारीक गाळ लागला. मग मिस्त्रीने खालचे रबर उचलले. आसनांचे बोल्ट गंजाने फुगलेले. मागच्या दिव्याची काच काढली, तर आत कोरड्या चिखलाची सरळ रेघ. गाडी आसनांच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती, याबद्दल शंका उरली नाही.

२०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात झालेला पाऊस आणि तिकडच्या धरणातून सोडलेले पाणी यांमुळे वैनगंगेला जो पूर आला, तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या आठवणीत आहे. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत घरे बुडाली, तशी दारांतली वाहनेही बुडाली. त्यांतली पुष्कळ पुढे दुरुस्त झाली, रंगली आणि विकली गेली असणार. ही गाडी एमएच-३६, म्हणजे भंडाऱ्याचीच. कागदावर ताईचे चुलत सासरे तिसरे मालक, आणि त्यांनी ती २०२१ च्या सुरुवातीला घेतलेली. पाणी कोणते, हे आमचे अनुमान. पाणी होते, ही वस्तुस्थिती.

बुडालेल्या गाडीचे वाईट असे की ती लगेच बिघडत नाही. गाळ वायरींच्या जोडांत शिरतो, ओल धरतो, आणि तांब्यावर हिरवा थर चढत जातो. चाकांच्या बेअरिंगमधले ग्रीस धुऊन निघते. इंजिनाला पेट्रोल किती द्यावे हे ठरवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी आज चालते, पुढल्या पावसाळ्यात मध्येच थांबते. शेतावर नेण्याच्या गाडीत एखादवेळ हे चालून जाईल. रात्री दोन वाजता दम्याचे माणूस घेऊन निघणाऱ्या गाडीत चालणार नाही.

चुलत सासऱ्यांनी आम्हांला फसवले नव्हते. ते स्वतःच फसले होते, आणि ते त्यांना त्याच क्षणी, पाहुण्यांसमोर कळले. चहा झाला. बाबा “विचार करून सांगतो” म्हणाले. पण न घेण्याचे कारण सर्वांनी पाहिले होतेच. त्या वर्षी आमच्या गावच्या मंडईला ताईच्या घरून कोणी आले नाही. ताईने फोनवर मला एवढेच विचारले, “पट्टा ओढला नसता तं चाललं नसतं का?” मला उत्तर देता आले नाही.

यानंतर आम्ही आणखी चार गाड्या पाहिल्या, आणि पाहण्याची रीत हळूहळू बसत गेली. गाडी थंड असताना पाहावी. ‘आम्ही येईपर्यंत सुरू करू नका’ असे सांगावे आणि पोचल्याबरोबर आसन उचलून इंजिनावर हात ठेवावा. ते ऊन लागले तर विकणाऱ्याला काही लपवावयाचे आहे असे समजावे. तेल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ साय दिसली, तर तेलात पाणी मिसळते आहे. धूर निळा असेल तर तेल जळते, काळा असेल तर पेट्रोल वाया जाते, पांढरा आणि न थांबणारा असेल तर पुन्हा पाणीच. किलोमीटरच्या आकड्यावर न जाता क्लच आणि ब्रेक यांच्या पायपट्ट्यांचे रबर पाहावे. एका गाडीचा काटा बेचाळीस हजार सांगत होता आणि रबर झिजून लोखंड चमकत होते. टायरच्या कडेला चार आकडे असतात : २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, टायरचे वय तिथे लिहिलेले असते. सरकत्या दरवाजाची खालची पट्टी आणि त्यावरची चाके तपासावी. व्हॅन आधी म्हातारी होते ती तिथे. गॅसवर चालणारी असेल तर ते किट नोंदणीपुस्तकात चढवलेले हवे. घरगुती सिलिंडर जोडून धावलेल्या व्हॅनच्या तर जवळ जाऊ नये.

आणि एक गोष्ट सहसा कोणी करत नाही. विकणारा रिकामी गाडी फिरवून दाखवतो. आपण मात्र सातजण बसणार असतो. म्हणून पसंत पडलेली गाडी सगळे घर भरून चालवावी. आम्ही गावाच्या मामा तलावाच्या पाळीवर चढून पाहिले. रिकामी असताना पाळ दुसऱ्या गिअरमध्ये चढलेली एक ओम्नी सातजण बसताच मध्यावर थांबली, आणि मोठी आई खाली उतरून म्हणाली, “मी पायीच येतो.”

कागदांबद्दल थोडक्यात सांगते. चॅसिसचा क्रमांक लोखंडावर कोरलेला असतो, तो नोंदणीपुस्तकाशी अक्षरन् अक्षर ताडावा. बँकेचे कर्ज फिटले असल्यास त्याची नोंद उतरवलेली हवी. त्यासाठी फॉर्म ३५ आहे. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. आपल्याकडे बालाघाट जवळ असल्याने एमपी-५० ची गाडी स्वस्तात दिसते. पण तिला तिकडचे ना-हरकत पत्र आणि इकडचा कर लागतो, हे धरून हिशेब करावा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचे. त्याचे शुल्क मोटारीला २०२२ पासून पाच हजार झाले, आणि वीस वर्षांवरील गाडीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. नाव बदलण्याची घाई घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याने करावी, कारण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार; मधे गाडी कितीही हातांतून गेली तरी.

शेवटी गाडी मिळाली ती साकोलीकडच्या एका निवृत्त शिक्षकांची. ईको, २०१४ ची. त्यांनी सर्व्हिसिंगच्या पावत्या वर्षवार लावून ठेवल्या होत्या, आणि आम्ही विचारण्याआधीच सांगितले : क्लच संपत आला आहे, डावा दरवाजा अडकतो, टायर जुने आहेत. मी तरीही पट्टे ओढले. ते स्वच्छ निघाले. मागणी दोन लाख पाच हजार होती. दोषांचा खर्च वजा करून एक लाख ब्याण्णव हजारांवर सौदा ठरला.

सौद्यापूर्वी मी एक हिशेब बाबांना दाखवला होता. नागपूरची भाड्याची खेप आम्हांला २८०० रुपये पडते. स्वतःच्या गाडीने दीडशे किलोमीटरला पेट्रोल साधारण ११५० चे. वर्षाच्या बारा खेपा धरल्या, तर बचत १९,८००. विमा, तेल, सर्व्हिसिंग आणि एखादे मोठे काम मिळून अठरा हजार गेले. हाती राहिले १८००. हेच एक लाख ब्याण्णव हजार बँकेत ठेवले असते तर बारा हजारांच्या आसपास व्याज आले असते. म्हणजे गाडी घेऊन आम्ही वर्षाला दहा हजारांच्या तोट्यात. जो कोणी ‘स्वतःची गाडी स्वस्त पडते’ म्हणतो, त्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. बाबांनी कागद दोनदा वाचून घेतला आणि विचारले, “यात रात्रीच्या खेपा धरल्या का?” रात्रीच्या खेपांचे भाडे मी धरले नव्हते, तीनच होत्या. त्या धरूनही तोटा राहतोच, हे मी सांगितले. ते म्हणाले, “राहू दे.”

क्लच पहिल्याच आठवड्यात बदलला. मोटारीचा परवाना मोठ्या बाबांकडे होताच. आता बाबाही शिकत आहेत. आजीला डिसेंबरात दोनदा भंडाऱ्याला नेले. टायर पुढच्या धानावर घ्यावयाचे आहेत. डावा दरवाजा अजून किंचित वर उचलूनच लावावा लागतो. आजी त्यासाठी उजव्या बाजूने चढते.