घरमालकाचा पत्ता लिहून घ्या!

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे घरांची कौले, पत्रे उडाले. तोंडावर पावसाळा! अशा वेळी भाडेकरूने दुरुस्ती मागायची कोणाकडे? मालक मुंबईत किंवा परदेशात, आणि भगिनींच्या हाती फक्त एजंटचा फोन नंबर!

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगे ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस पोस्टाने पाठवून, वाजवी वेळ वाट पाहून, दुरुस्ती स्वतः करू शकतो. तो खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक नाही.

पण पत्ता नसेल तर नोटीस जाणार कुठे? पत्त्यावाचून हा हक्क कागदावरच राहतो.

कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची. चुकल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

म्हणून आम्ही वाचकांना सांगतो : सही करण्यापूर्वी मालकाचा राहता पत्ता पिनकोडसह करारात आहे का, ते वाचा. पत्ता बदलल्यास लेखी कळवावे, असे कलम घालून घ्या. कराराची प्रत, भाड्याच्या पावत्या आणि नोटिशीची पोस्टाची पावती रेशनकार्डाशेजारी जपून ठेवा. मालक कितीही ओळखीचा असो, हे लिहून घेण्यात संकोच कसला?