हत्तीरोगाच्या गोळ्या निरोग्यांनी का गिळायच्या?

हुडकेश्वर पूर्वी ग्रामपंचायतीत होते, आज नागपूर महापालिकेत आहे. पण हत्तीरोगाला गाव काय नि शहर काय, नाली तुंबली की झाले. आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल ही तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम देशात ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत राबवली गेली, त्यांत नागपूर होते. इथे ती 2019 मध्ये सुरू झाली. तरीही गैरसमज टिकून आहेत.

गैरसमज : पाय सुजलेला नाही, मग मी गोळ्या कशाला घेऊ?
वस्तुस्थिती : हत्तीरोग करणारा वुचेरेरिया हा सुतासारखा कृमी लसीकावाहिन्यांत सहा ते आठ वर्षे जगतो आणि लाखो सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडतो. सूज दिसायला अनेक वर्षे लागतात. ज्यांचा पाय सुजला आहे, त्यांच्या रक्तात बऱ्याचदा पिल्ले सापडतही नाहीत. रोग पसरतो तो धडधाकट दिसणाऱ्यांमुळे. ही पिल्ले रक्तात मुख्यतः रात्री येतात, म्हणून रक्ततपासणीही रात्रीच होते.

गैरसमज : हा रोग आनुवंशिक आहे किंवा स्पर्शाने होतो.
वस्तुस्थिती : तो क्युलेक्स डास चावल्याने पसरतो. एका घरात दोन रुग्ण निघाले, तर त्याचे कारण म्हणजे त्या घरात चावणारे डास.

गैरसमज : कूलर, टाक्या कोरड्या केल्या की काम झाले.
वस्तुस्थिती : ते डेंग्यूसाठी. क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो. त्यासाठी नाली वाहती ठेवा आणि सेप्टिक टँकच्या पाइपला जाळी बांधा.

गैरसमज : गोळ्यांनी ताप येतो, म्हणजे औषध वाईट.
वस्तुस्थिती : अंगातले कृमी मरू लागले की काहींना ताप, डोकेदुखी किंवा मळमळ होते. हा त्रास बहुधा एकदोन दिवसांत ओसरतो. त्रास वाढला तर आरोग्य केंद्रात जा. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका. गर्भवती, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत. पाच वर्षांखालील मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत.

गैरसमज : सुजलेल्या पायावर उपायच नाही.
वस्तुस्थिती : जुनी सूज सहसा पूर्ण जात नाही, पण वाढ रोखता येते. पाय रोज साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, जखमांवर वेळीच उपचार करा. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया होते.

श्रीलंकेने 2016 मध्ये आणि बांगलादेशाने 2023 मध्ये हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवला. आशाताई दारी आल्या की गोळ्या नंतरसाठी फडताळात ठेवू नका. जेवून घ्या आणि त्यांच्यासमोरच गिळा.