समुद्राखालचें कवच आणि चुंबकाची सुई

कराड-मिरजेकडे विहीर खणतांना काळा फत्तर लागला कीं सुरुंगाची तयारी करावी लागते. या फत्तरांत मॅग्नेटाइट नांवाचें चुंबकीय लोहखनिज असतें. सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हा निवतांना पृथ्वीच्या तत्कालीन चुंबकत्वाची दिशा त्यांत कायमची नोंदली गेली. महाबळेश्वराच्या घाटांत खालचे थर उलट दिशेचे, तर माथ्याजवळचे आजच्यासारखे सरळ दिशेचे सांपडतात. कारण मध्यंतरीं पृथ्वीचे चुंबकध्रुवच उलटले.

याच गुणाचा उपयोग समुद्रांतील तेल शोधणारे करितात. 1974 सालीं सांपडलेलें मुंबई हायचें तेल मुख्यतः चुनखडकांत आहे. तेलाला काय, चुनखडकाला काय, चुंबकत्व जवळजवळ नाहींच. मग सुई दाखविते काय? त्यांच्या खालचा पाया! जहाजाचें लोखंड आड येऊं नये म्हणून चुंबकमापक लांब दोरानें मागें ओढीत नेतात. आपल्याकडे पृथ्वीचें चुंबकबल सुमारें 43 हजार नॅनोटेस्ला; त्यांत शेंकड्यांचा चढउतार हुडकावयाचा. सूर्यामुळें दिवसभरांत होणारा फरक वजा करण्यास किनाऱ्यावर स्थिर नोंद लागते. (कुलाब्याचें हें काम विजेच्या ट्रामगाड्यांच्या संभाव्य उपद्रवामुळें 1904 सालीं अलिबागेस हलविलें गेलें.) चढउतार अरुंद व तीव्र असेल तर खडक उथळ, पसरट व मंद असेल तर बहुधा खोल, म्हणजे वर गाळ जाड.

महासागराचें कवच मधल्या भेगेच्या दोन्ही अंगांस नव्या लाव्हानें वाढतें. म्हणून त्यांत सरळ-उलट चुंबकत्वाचे समांतर पट्टे उमटतात. खंडाच्या कवचांत तसे नसतात. पट्टे संपतात तेथें दोहोंची सीमा धरतात. ही सीमा कळणें अगत्याचें आहे. कारण कवच ताणून किती पातळ झालें यावर खालून येणारी उष्णता अवलंबून, आणि उष्णतेवर तेल. ती कमी पडली तर तेल होत नाहीं, फार झाली तर त्याचा वायु होतो.

परंतु आपला काळा फत्तर समुद्राखालींही पसरला आहे. त्याच्या ढोलापुढें खालच्या खडकांची सनई ऐकूं येत नाहीं. लक्ष्मी पर्वतरांगेच्या अलीकडील पट्टे महासागरी कवचाचे, कीं खंडांत घुसलेल्या लाव्हाचे, याविषयीं विद्वानांत वाद आहे. म्हणून नुसत्या सुईच्या भरंवशावर कोणी विहीर खणूं नये. गुरुत्वमापनाची आणि कंपनलहरींची साक्ष घ्यावीच.

आपल्या पायाखालींही तेल असेल काय, असें पुष्कळांस वाटतें. कोयनेजवळ रासाटी येथें भूकंपाच्या अभ्यासासाठीं विवर विंधलें, तेव्हां सुमारें 930 मीटर काळ्या फत्तराखालीं एकदम ग्रॅनाइटवर्गी खडक लागला. मध्यें गाळाचा थर नव्हता. निदान तेथें तरी तेलाची आशा धरण्यास जागा नाहीं.