शिबिरातील निदेशकाची भाषा

‘शिबिर’ हा शब्द संस्कृतात सैन्याच्या तळासाठी येतो. आज तो विद्यार्थ्यांच्या रानातील निवासालाही लावला जातो. परंतु मूळ अर्थाची छाया तेथील बोलण्यावर अद्याप आहे. निदेशकाची भाषा बहुधा कवायतीची असते. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेली राष्ट्रीय छात्रसेना आणि १९५० मध्ये एकत्रित झालेली स्काउट-गाइड चळवळ यांनी ती आपल्या शाळा-महाविद्यालयांत रुळविली. रानातील शिक्षणास ती कितपत पुरी पडते, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

यावलच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत १९६९ मध्ये घोषित झालेले यावल अभयारण्य आहे. तेथील एखादा ओढा विद्यार्थ्यांची तुकडी दोर धरून ओलांडीत आहे असे समजू. निदेशकापुढे मराठी क्रियापदाची निरनिराळी रूपे हजर असतात. ‘ओलांडा’ या आज्ञार्थात सांगणारा काठावर उभा राहतो व ऐकणारा पाण्यात उतरतो. ‘आपण ओलांडावा’ या विध्यर्थात आदर आहे, पण अंतरही आहे. ‘आपण ओलांडू या’ म्हणताच सांगणारा स्वतः पाण्यात येतो. एकच ‘आपण’ पहिल्या वाक्यात द्वितीय पुरुषाचा, तर दुसऱ्यात श्रोत्यासह प्रथम पुरुषाचा ठरतो, आणि हा निर्णय क्रियापद करते. ‘आम्ही’मध्ये श्रोता येत नाही. प्रचलित हिंदीतील ‘हम’ हा भेद दाखवीत नाही. मराठी निदेशकास तो आयता लाभला आहे.

नियम सांगण्यास ‘दोर सोडायचा नाही’ हे रूप सर्वांत योग्य. त्यात कर्ता अनुक्त असल्यामुळे नियम निदेशकासही लागू होतो. ‘दोर सोडू नका’ यात तो केवळ श्रोत्यांवर पडतो.

याचा अर्थ आज्ञार्थ त्याज्य आहे असा नव्हे. पाणी अकस्मात चढले तर ‘थांबा!’ एवढाच शब्द हवा. तेथे ‘थांबू या’ म्हणणे घातक ठरेल. मात्र अंथरुणे घालण्यापासून ताटे धुण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट ज्याने आज्ञार्थाने सांगितली, त्याच्या आज्ञेला संकटसमयी वेगळे वजन उरत नाही. सहनिवासात निदेशकाचे बोलणे दिवसभर कानी पडत असल्यामुळे ही झीज वर्गापेक्षा येथे लवकर होते.

दुसरा प्रश्न स्थलवाचकांचा. ‘इकडे’, ‘तिकडे’ हे शब्द बोलणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतात; झाडीत बोलणारा दिसेनासा झाला की ते निरुपयोगी होतात. ‘अंजनाच्या झाडापाशी थांबा’ ही सूचना अधिक निश्चित, परंतु ऐकणाऱ्यास अंजन ओळखता आला तरच. या भागात लेवा बोली, अहिराणी, तसेच तडवी व पावरा वस्त्यांतील भाषा शेजारी शेजारी नांदतात. अहिराणीभाषक मुलाचे ‘आठे’, ‘तठे’ शहरी सोबत्यास परके वाटतात. पावरा मुलास झाड पुरते ठाऊक असते, पण कदाचित निराळ्या नावाने. निदेशकाने प्रमाण मराठी नाव आधी सांगून टाकले, तर तो मुलगा अज्ञानी ठरून गप्प बसतो. ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ असे आधी विचारले, तर सूचना सर्वांस समजते आणि ज्याचे रान आहे तो तुकडीचा शिक्षक होतो.

या प्रदेशातील बोलींची नोंद ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात १९०७ मध्ये झाली. परंतु ती प्रामुख्याने कथनाच्या नमुन्यांवरून. आज्ञा, निषेध आणि स्थलनिर्देश ही रूपे कथनात क्वचितच सापडतात. ती सामूहिक कामात बोलली जातात. निदेशक म्हणून शिबिरास जाणाऱ्या विद्यार्थ्याने ती टिपून ठेवल्यास अभ्यासाची सामग्री हाती येईल, आणि त्याचे स्वतःचे काम अधिक सुरक्षित होईल.