न विरघळणाऱ्या प्रथिनांची भाषा

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा विश्वस्त मंडळींचा निरोप आला. गावाचा इतिहास, देवस्थाने, आपल्या संस्थेची वाटचाल ह्यांवर अधिकारी मंडळी लिहितीलच. म्हणून मी माझ्या रसायनशास्त्राच्या कोठीतून एक विषय काढला आहे. त्याला निमित्त मात्र घरचेच आहे. आमच्या थोरल्या काकींना अखेरच्या पाच-सहा वर्षांत विस्मृतीने ग्रासले होते. सुटीत मुंबईहून लाटंबार्सेला गेलो की पडवीत बसल्या बसल्या त्या मला विचारीत, "तू कोणाचा रे?" डॉक्टरांनी अल्झायमरचा विकार असे निदान केले व ह्या विकारात मेंदूत एक प्रथिन साचून राहते असे सांगितले. तेव्हा घरच्या सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कारण जन्मभर कॉलेजात रसायन शिकविणारा मीच. "ते प्रथिन दिसते कसे?" असे पुतणीने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर आता उशिराने देत आहे.

ह्या प्रथिनाचे नाव अमिलॉइड-बीटा. चाळीस किंवा बेचाळीस अमिनो आम्लांची ही लहानशी माळ. एकटी असते तोवर तिचा उपद्रव नाही; पण अशा असंख्य माळा एकमेकींस चिकटून सुंभासारखे तंतू वळले जातात. हे तंतू पाण्यात विरघळत नाहीत, आणि त्यांचे चांगले स्फटिकही होत नाहीत. प्रथिनाची घडण पाहण्याच्या जुन्या रीती दोन: स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडणे, किंवा पाण्यात विरघळवून चुंबकात ठेवणे. येथे दोन्ही दारे बंद!

चुंबकात ठेवणे म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. ह्या विद्येस अणुगर्भीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात, इस्पितळातील एम.आर.आय. हे तिचेच भावंड. कित्येक अणूंचे गर्भ इवल्या चुंबकांसारखे असतात. बलवान चुंबकीय क्षेत्रात ते कललेल्या भोवऱ्याप्रमाणे डुलतात आणि त्या डुलण्याच्या तालाशी जुळणाऱ्या रेडिओलहरींना साद देतात. गंमत अशी की, अणूच्या शेजारी कोण बसले आहे त्याप्रमाणे हा ताल किंचित बदलतो.

हे ज्या प्रयोगात प्रथम स्वच्छ दिसले त्यात एक भारतीय होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड ह्या तिघांनी १९५१ साली साध्या मद्यार्काचा वर्णपट प्रसिद्ध केला. मद्यार्क म्हणजे आपल्या काजूच्या फेणीत असतो तोच. त्याच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू. परंतु शेजार तीन प्रकारचा, म्हणून खुणाही तीन उमटल्या आणि त्यांचे प्रमाण तीनास दोनास एक असे पडले. रेणू न फोडता त्याची अंतर्रचना वाचता येते, हे त्या तीन उंचवट्यांनी दाखवून दिले. हेच डॉ. धर्मट्टी पुढे मुंबईस डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी ह्या विद्येचे पीठ उभारले. आपल्या गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी त्या काळी ह्याच संस्थेत गणिताचे काम करीत होते. १९८३ मध्ये ह्या संस्थेतच उच्च चुंबकक्षेत्राच्या अनुस्पंदनाची राष्ट्रीय सोय झाली.

द्रवात हे सारे सोपे जाते, कारण रेणू सतत गिरक्या घेत असतात व दिशेदिशेचे फरक आपोआप पुसले जातात. घन पदार्थात प्रत्येक रेणू आपापल्या दिशेला अडकलेला. प्रत्येकाचा सूर निराळा, त्यात शेजाऱ्यांची ढवळाढवळ. जत्रेच्या गर्दीत लांबून नुसता गलका ऐकू यावा आणि शब्द एकही कळू नये, तसे होते. वर्णपटात रेखीव खुणांऐवजी एक पसरट टेकाड तेवढे दिसते.

ह्यावर १९५८-५९ च्या सुमारास ब्रिटन-अमेरिकेत निरनिराळ्या मंडळींनी एकच तोड काढली. रेणू आपण होऊन फिरत नाहीत ना, मग आपणच सगळा नमुना फिरवावा! मात्र कसाही फिरवून भागत नाही, चुंबकक्षेत्राशी ५४.७ अंशांचा कोन करून फिरवावा लागतो. ह्यास शास्त्रज्ञ चक्क 'जादूचा कोन' म्हणतात. जादू काही नाही. लुडोचा फासा समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर अंगठा व तर्जनी धरून फिरवून पाहावा. तिन्ही दिशांच्या कडा सारख्याच हिशेबाने वर-खाली होतात, कोणतीच वरचढ राहत नाही. फाशाच्या कडेचा त्या कर्णाशी होणारा कोन हाच. नमुना काही मिलिग्रॅम, तो भरायची नळी पेन्सिलीच्या तुकड्याएवढी किंवा त्याहूनही बारीक, आणि फिरवायची हवेच्या झोतावर. १.३ मिलिमीटर जाडीची नळी एका सेकंदात साठ हजार फेरे घेते.

एवढ्यानेही सगळे भागत नाही. प्रथिनात हायड्रोजनची दाटी फार, आणि हायड्रोजनचा गर्भ मोठा बोलका. त्यापुढे कार्बनचा क्षीण सूर बुडून जातो. भजनात घुमट फार जोराने वाजले तर बुवांचे शब्द कानी पडत नाहीत, त्यातलाच प्रकार. शिवाय निसर्गातील कार्बनपैकी जेमतेम १.१ टक्का, म्हणजे तेरा भाराचा कार्बन, ह्या परीक्षेत बोलतो; म्हणून असा कार्बन मुद्दाम घालून प्रथिन बनवावे लागते व ते फार महाग पडते.

हायड्रोजनला गप्प बसविण्याच्या कामात ज्यांचे आयुष्य गेले त्यांपैकी एक रसायनज्ञ म्हणजे डॉ. पी. के. मधु. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत विनोग्रादोव्ह आणि वेगा ह्यांच्यासह १९९९ साली त्यांनी घन पदार्थातील खुद्द हायड्रोजनच्या खुणा रेखीव करणारी रेडिओस्पंदांची एक रीत मांडली. पुढे मुंबईच्या टाटा संस्थेत असताना ठाकुर व कुरूर ह्या सहकाऱ्यांबरोबर २००६ मध्ये दुसरी रीत दिली. पूर्वीच्या रीतीत एकाच लांबीचे दोन स्पंद आळीपाळीने द्यावयाचे. ह्यांनी त्या स्पंदांची लांबी क्रमाक्रमाने बदलत नेली. फायदा असा की, यंत्राची जुळणी थोडी चुकली तरी परिणाम बिघडत नाही. बाहेरच्यांस ही बारीकशी गोष्ट वाटेल. परंतु ज्याचा प्रयोग कित्येक दिवस रात्रंदिवस चालायचा असतो, त्याला ह्या बारीकशा गोष्टीचे मोल विचारावे. सात वर्षांत दोन रीती. संशोधकाची कारकीर्द बहुधा अशीच चालते.

मग ते हत्यार आमच्या काकींच्या प्रश्नाकडे वळले. अमिलॉइड-बीटाची माळ तंतूत केसांच्या आकड्यासारखी मध्येच दुमडलेली असते. तेविसाव्या व अठ्ठाविसाव्या मण्यांवर विरुद्ध विद्युत्भार असून त्यांच्या आकर्षणाने ते वळण धरून राहते, असे समजले जाई. रोग्यांच्या मेंदूतील ह्या साठ्यांत जस्त सापडते. तेव्हा मधु, सुदीप्त मैती व त्यांचे विद्यार्थी ह्यांनी मुंबईत जस्तासह तंतू तयार करून त्यांची घन-अवस्थेतच परीक्षा केली, आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: जस्ताने ती दोन मण्यांची गाठ सुटते, तरी आकड्याचा आकार तसाच राहतो. माळ दुमडून राहण्यास ती गाठच हवी असे नाही, हे ह्यावरून कळले. औषध त्याने सापडले नाही, आणि तसे कोणी म्हटलेलेही नाही.

मला स्वतःला अधिक थक्क केले ते अमेरिकेतील रॉबर्ट टायको ह्यांच्या चमूच्या २०१३ च्या कामाने. दोन मृत रोग्यांच्या मेंदूतील अंश बीज म्हणून घेऊन, विरजणाने दही लावावे तसे त्यांनी नवे तंतू वाढविले. एका रोग्याच्या बीजापासून एक घडण, दुसऱ्याच्या बीजापासून निराळी! रोगाचे नाव एक, प्रथिनही एक, पण वळण वेगवेगळे. २०१७ पासून अतिशीत नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने असे तंतू अधिक झटपट दिसू लागले आहेत व चुंबकवाल्यांचे काही काम त्याने उचलले आहे. तरी तंतूचा कोणता भाग ताठ आहे, कोणता हलतो आहे, हे विचारावयाचे तर अजूनही त्या फिरत्या नळीकडेच जावे लागते.

पुतणीला मी हे सारे कागदावर फासा काढून सांगितले. ती आता बारावीला आहे. सगळे ऐकून घेऊन तिने विचारले, "मग आजीच्या तंतूंचे वळण कोणते होते?" ते कोणी पाहिलेले नाही.